एकटीचे मत : जेनेट रँकिन ह्यांची जीवनकथा

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, हा रिवाज आपल्या अंगवळणी पडला आहे. अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई ह्यांची चरित्रे आपण पुष्कळदा वाचली आणि त्यांतून पुष्कळ घेतले. ह्या खेपेस सातासमुद्रापलीकडच्या एका बाईंची ओळख भगिनींना करून द्यावी असे मनात आले. त्यांचे नाव जेनेट रँकिन. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे तिकडे जिला काँग्रेस म्हणतात त्या सभागृहात, निवडून गेलेली ही पहिली स्त्री. परंतु केवळ पहिली म्हणून मी त्यांच्याविषयी लिहीत नाही. आपल्या देशाने युद्धात पडावे की नाही हा सवाल त्यांच्यापुढे आयुष्यात दोनदा आला, आणि दोन्ही वेळा त्यांनी नाही असे उत्तर दिले. दुसऱ्या वेळी तर सगळ्या सभागृहात त्या एकट्या होत्या.

परराष्ट्रनीती, युद्धनीती हे शब्द ऐकले की आपण बायका म्हणतो, हे आपले काम नव्हे, ते मोठ्या लोकांचे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मलाही ते शब्द जडच वाटतात. पण लढाई लागली म्हणजे रॉकेल आणि साखर कोणाच्या घरातली कमी होते? तार कोणाच्या दारात येते? आपल्या वस्तीतही फौजेत मुलगे असलेल्या आया आहेत. त्यांना विचारले तर त्या सांगतील की परराष्ट्रनीती उंबऱ्याच्या आतच राहते. जेनेटबाईंना ही गोष्ट फार लवकर समजली होती.

त्यांचा जन्म ११ जून १८८० रोजी माँटाना प्रांतात मिसूला गावाजवळ झाला. अमेरिकेच्या उत्तरेकडचा हा डोंगराळ मुलूख. त्या वेळी त्याला राज्याचा दर्जासुद्धा मिळाला नव्हता. तो १८८९ साली मिळाला. वडील जॉन रँकिन हे कॅनडातून येऊन तेथे स्थायिक झालेले. त्यांची गुराढोरांची मोठी शेतवाडी होती आणि लाकडाचा व इमारती बांधण्याचा व्यवसाय होता. आई ऑलिव्ह ही लग्नापूर्वी शाळेत शिक्षिका होती. जेनेट ही थोरली मुलगी. धाकट्या भावंडांचे करायचे, घरात शिवणटिपण करायचे, शेतावर गड्यांच्या बरोबरीने राबायचे, असे तिचे बाळपण गेले. शेतवाडीवर बायका पुरुषांइतकेच कष्ट करतात, पण मताचा अधिकार फक्त पुरुषाला, ही गोष्ट तिच्या मनाला तेव्हापासून टोचत होती. थोरलेपणाची जबाबदारी जिच्यावर लहानपणी पडते, तिला आपल्या बुद्धीने चालण्याची सवय लागते. ती जेनेटला लागली.

१९०२ साली माँटानाच्या विद्यापीठातून जीवशास्त्र घेऊन ती पदवीधर झाली. पुढे काय करावे हे मात्र उमगेना. काही दिवस शाळेत शिकवले, काही दिवस शिवणकाम केले. १९०४ साली वडील वारले. त्याच सुमारास भाऊ वेलिंग्टन शिकत होता म्हणून ती बॉस्टन शहरी गेली. तेथे तिने पहिल्यांदा मोठ्या शहराची गरिबी पाहिली. एकेका अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, कारखान्यात जाणारी पोरे. ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हलेना. पुढे न्यूयॉर्कमध्ये समाजसेवेचे रीतसर शिक्षण घेऊन ती अनाथ मुलांच्या संस्थेत काम करू लागली. पण थोड्याच दिवसांत तिच्या ध्यानात आले की एका मुलाचे डोळे पुसावे तोवर दहा नवी मुले दाराशी उभी राहतात. कायदे बदलल्याशिवाय हे थांबायचे नाही. आणि कायदे करणाऱ्यांना निवडून देण्याचा अधिकार बायकांना नाही. मग ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत शिरली.

शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात १९१० साली स्त्रियांना मत मिळाले, त्या मोहिमेत तिने काम केले. १९११ साली माँटानाच्या विधिमंडळापुढे तिने भाषण केले. त्या सभागृहात बोलणारी ती पहिली स्त्री होय. पुढली तीन वर्षे आगगाडीने, मोटारीने, जमेल तसे हिंडून तिने खाणकामगारांच्या वस्त्या आणि दूरदूरची शेते पालथी घातली. १९१४ साली माँटानात स्त्रियांना मताधिकार मिळाला. मग दमलेली जेनेट न्यूझीलंडला गेली. तेथे स्त्रियांना १८९३ सालीच मत मिळाले होते. तेथील गोरगरिबांचे जिणे जवळून कळावे म्हणून तिने घरोघरी शिवणाचे काम धरले. सुई हातात असली म्हणजे बाई बाईशी मोकळेपणी बोलते, हे कोणत्याही देशात खरेच आहे.

१९१६ साली तिने रिपब्लिकन पक्षातर्फे काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी उमेदवारी केली. बंधू वेलिंग्टन आता नामांकित वकील झाला होता. त्याने पैसाही पुरवला आणि प्रचाराची सगळी सूत्रेही सांभाळली. ती निवडून आली. लक्षात घ्या, त्या वेळी अमेरिकेतल्या बहुसंख्य राज्यांत बायकांना मतच नव्हते. साऱ्या देशात तो हक्क १९२० साली आला. म्हणजे ज्या सभागृहासाठी देशातल्या बहुतेक बायका मत देऊ शकत नव्हत्या, त्यात ही बाई प्रतिनिधी म्हणून जाऊन बसली. वय होते ३६.

२ एप्रिल १९१७. त्या दिवशी सकाळी वॉशिंग्टन शहरात महिला संस्थांनी तिच्या सन्मानार्थ फराळाचा समारंभ केला, हारतुरे झाले, शृंगारलेल्या मोटारींतून तिला सभागृहापर्यंत नेले. फुलांचा गुच्छ हातात घेऊन ती आत गेली तेव्हा सभासदांनी टाळ्यांचा गजर केला. आणि त्याच दिवशी संध्याकाळी अध्यक्ष विल्सन ह्यांनी दोन्ही सभागृहांपुढे येऊन जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्याची मागणी केली. सासरी पाऊल टाकले आणि त्याच दिवशी घरावर संकट आले, अशी नव्या सुनेची गत व्हावी तशी तिची गत झाली.

युद्ध तेव्हा युरोपात पावणेतीन वर्षे चालले होते. १९१५ साली जर्मन पाणबुडीने ल्युसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवले, त्यात सुमारे १,२०० माणसे गेली. पैकी सव्वाशेच्या वर अमेरिकन होती. १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मनीने समुद्रात दिसेल ते जहाज बुडवण्याचे जाहीर केले. मेक्सिकोने अमेरिकेविरुद्ध उठावे अशी गुप्त तारही जर्मनीने पाठवल्याचे उघडकीस आले. लोक खवळले. दुसऱ्या बाजूस असेही म्हणणारे होते की आमच्या सावकारांनी आणि कारखानदारांनी इंग्लंड-फ्रान्सला पैसा आणि माल पुरवला आहे, तो बुडू नये म्हणून शेतकऱ्यांच्या मुलांना मरायला पाठवायचे काय? विल्सनसाहेब स्वतः १९१६ ची निवडणूक, देशाला युद्धाबाहेर ठेवले ह्याच पुण्याईवर जिंकले होते.

जेनेटबाईंवर चारी बाजूंनी दडपण आले. भावाने विनवले की युद्धाच्या बाजूने मत दे, नाही तर पुन्हा निवडून येणे विसर. मताधिकाराच्या चळवळीतल्या कितीतरी पुढारी बायकांचीही तीच भीती. युद्धाला विरोध केलास तर बायका हळव्या, त्यांना राज्यकारभार कळत नाही असे पुरुष म्हणतील, आणि आपला हक्क पुढे ढकलला जाईल. हे सांगणे काही अगदी चुकीचे नव्हते. कित्येक वर्षांच्या कष्टांचे फळ तोंडाशी आले होते आणि ते एका मताने हातचे जाईल की काय, असा तो पेच होता.

५ एप्रिलला सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होती. ६ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास मतदान झाले. पहिल्यांदा नाव पुकारले तेव्हा त्या गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारले तेव्हा उठून उभ्या राहिल्या. मत देताना भाष्य करू नये असा तेथे संकेत होता. तो मोडून त्यांनी एवढेच सांगितले की मला देशाच्या पाठीशी उभे राहायचे आहे, पण युद्धासाठी मत देता येत नाही. ठरावाच्या बाजूने ३७३ मते पडली, विरुद्ध ५०. सेनेटमध्ये ८२ विरुद्ध ६.

भगिनींनो, ह्या आकड्यांकडे जरा नीट पाहा. विरुद्ध मत देणारे ५० होते, त्यांत ४९ पुरुष होते. अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचा सभागृहातला नेता क्लॉड किचिन हाही त्यांत होता. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत गाजले ते ह्या एका बाईचे मत, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले म्हणून गाजले. त्या रात्री पुरुष सभासदांचेही डोळे ओले झाले होते असे पुढे त्यांच्यातल्याच काहींनी सांगितले. पुरुष रडला तर त्याचे अंतःकरण मोठे, आणि बाई रडली तर तिची अक्कल लहान, हा न्याय अमेरिकेतही होता म्हणायचा.

त्यानंतरची दोन वर्षे त्या स्वस्थ बसल्या नाहीत. युद्ध सुरू झाल्यावर सैनिकांच्या गरजा भागवण्याच्या कामात त्यांनी आडकाठी केली नाही. जून १९१७ मध्ये माँटानातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार मृत्यू पावले. कामगारांनी संप केला तेव्हा जेनेटबाई बलाढ्य ॲनाकोंडा कंपनीविरुद्ध कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या कंपनीच्या मुठीत त्या राज्याची वर्तमानपत्रेसुद्धा होती. सरकारी नोटा छापण्याच्या कारखान्यात बायकांना तास न् तास जादा राबवतात हे कळल्यावर त्यांनी चौकशी करवली, आणि त्या बायकांना आठ तासांचा दिवस मिळाला. आईच्या व तान्ह्या मुलाच्या आरोग्यासाठी सरकारने पैसा खर्चावा असे विधेयक त्यांनी मांडले. ते तेव्हा पडले, पण तशाच धर्तीचा कायदा १९२१ साली झाला. १० जानेवारी १९१८ रोजी स्त्रियांच्या मताधिकाराच्या घटनादुरुस्तीवरील चर्चेची सुरुवात प्रतिनिधिगृहात त्यांनीच केली, आणि तो ठराव त्या दिवशी तेथे संमत झाला. तेव्हा एका बाईच्या मतामुळे साऱ्या बायकांचे नुकसान होईल ही भीती शेवटी खोटीच ठरली.

मात्र जेनेटबाईंना स्वतःला किंमत द्यावी लागली. माँटानाचे मतदारसंघ नव्याने पाडले गेले. आपल्या वाट्याचा भाग अवघड आहे असे पाहून त्यांनी १९१८ साली सेनेटची निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. त्यानंतर बावीस वर्षे त्या सभागृहाबाहेर होत्या.

ह्या बावीस वर्षांत त्यांनी शांततेचे काम हेच व्रत धरले. १९१९ साली स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे निरनिराळ्या देशांच्या स्त्रियांची परिषद भरली. लढाईत एकमेकींच्या शत्रू ठरलेल्या देशांच्या बायका तेथे एका मेजाभोवती बसल्या. जेन ॲडम्स ह्यांच्याबरोबर जेनेटबाईही तेथे गेल्या होत्या. १९२४ साली त्यांनी दक्षिणेकडे जॉर्जिया राज्यात थोडी जमीन घेतली आणि साधेसे घर बांधले. घरात वीज नव्हती. शेजारच्या बायकामुलांना जमवून त्या युद्ध आणि शांतता ह्या विषयावर वर्ग घेत. १९२८ साली त्यांनी जॉर्जियाची शांतता समिती स्थापन केली. पुढे दहा वर्षे वॉशिंग्टनमध्ये राहून युद्धप्रतिबंधक मंडळातर्फे सभासदांना भेटणे, कागदपत्रे पुरवणे, सरकारी समित्यांपुढे साक्षी देणे, हे काम त्यांनी केले. सरकारदरबारी खेटे घालणे किती चिवटपणाचे काम आहे, हे मंडळाच्या जागेसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या भगिनींना निराळे सांगायला नको.

आता त्या काळी अमेरिकेत जो मोठा वाद चालला होता तो थोडा समजून घेऊ. पहिल्या महायुद्धात अमेरिकेची १ लाख १६ हजारांवर माणसे गेली. त्या युद्धाने युद्धे संपतील असे लोकांना सांगितले होते, पण पंधरा वर्षांतच युरोपात पुन्हा तलवारींना धार लागू लागली. १९३४ साली सेनेटर नाय ह्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शस्त्रे बनवणाऱ्या कारखानदारांनी आणि पेढ्यांनी मागच्या युद्धात किती नफा कमावला ह्याची चौकशी केली. लोकांचा संताप झाला. १९३५ पासून तटस्थतेचे कायदे झाले. लढणाऱ्या देशांना शस्त्रे विकायची नाहीत असे ठरले.

एक पक्ष म्हणे, आपल्या पूर्वेस महासागर, पश्चिमेस महासागर. आपल्या किनाऱ्याची राखण करता येईल एवढे आरमार व फौज ठेवा, आणि परक्याच्या भांडणात पडू नका. जेनेटबाईंचे मत असेच होते. किनाऱ्याच्या रक्षणाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा विरोध परमुलखात सैन्य धाडण्याला होता. दुसरा पक्ष म्हणे, आग शेजारच्या वाड्याला लागली आहे; ती तेथेच विझवली नाही तर आपले घर वाचायचे नाही. अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी तर डिसेंबर १९४० मध्ये हाच दाखला दिला होता. शेजाऱ्याचे घर पेटले असता आपली पाण्याची नळी त्याला देताना कोणी आधी किंमत मागत नाही, असे त्यांनी लोकांना समजावले. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला होता, लंडनवर बाँब पडत होते, आणि हिटलर युरोपभर पसरला होता. तेव्हा ह्या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पोकळ होते असे कोण म्हणेल?

अशा दिवसांत, नोव्हेंबर १९४० मध्ये, साठ वर्षांच्या जेनेटबाई माँटानातून पुन्हा निवडून आल्या. मार्च १९४१ मध्ये इंग्लंडादी देशांना युद्धसाहित्य उसने वा भाड्याने देण्याचा कायदा झाला. सैन्य परदेशी धाडायचे तर काँग्रेसची परवानगी घ्यावी अशी दुरुस्ती जेनेटबाईंनी त्यावरच्या चर्चेत सुचवली होती, पण ती फेटाळली गेली. ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीची मुदत वाढवण्याचा ठराव प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२, म्हणजे केवळ एका मताने निभावला. तोवर देश असा अर्धा अर्धा झाला होता.

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बर येथील अमेरिकन आरमारावर विमानांतून हल्ला केला. २,४०० हून अधिक माणसे मेली. त्या दिवशी देशातला वाद संपला. जेनेटबाई भाषणासाठी डेट्रॉइटला निघाल्या होत्या. बातमी कळताच वाटेतच गाडीतून उतरून परत फिरल्या. ८ तारखेस रूझवेल्ट ह्यांनी युद्ध जाहीर करण्याची मागणी केली. जेनेटबाई पुन्हा पुन्हा उठून बोलण्याची परवानगी मागत होत्या. सभापती रेबर्न ह्यांनी ती दिली नाही. आजूबाजूचे सभासद, खाली बसा, म्हणून ओरडत होते. मतदान झाले. बाजूने ३८८, विरुद्ध १. सेनेटमध्ये तर ८२ विरुद्ध शून्य. मला स्वतःला लढाईवर जाता येत नाही, तेव्हा दुसऱ्या कोणाला पाठवण्यास मी तयार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

सभागृह सुटल्यावर लोकांनी त्यांना घेरले. त्या शेजारच्या टेलिफोनच्या खोक्यात शिरल्या, दार लावून घेतले, आणि पोलिसांनी येऊन त्यांना त्यांच्या कचेरीपर्यंत पोचवले. भावाने कळवले की सारे माँटाना तुझ्याविरुद्ध आहे. साठी उलटलेल्या बाईने त्या चिमुकल्या काचेच्या खोक्यात एकटीने उभे राहावे आणि बाहेर आपल्याच देशाची माणसे खवळलेली असावीत, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. त्यातही एका गोष्टीचे समाधान वाटते. कॅन्ससमधले एक जुने संपादक विल्यम ॲलन व्हाइट ह्यांनी आपल्या पत्रात लिहिले की त्यांचे मत आपल्याला मुळीच पटत नाही, पण त्यांच्या धैर्याला तोड नाही. मत न पटता माणसाचा मान राखणे, ही गोष्ट फार थोड्यांना साधते.

तीन दिवसांनी जर्मनी आणि इटलीविरुद्धच्या ठरावावर त्यांनी केवळ हजर असल्याची नोंद केली. वर्षभराने, ८ डिसेंबर १९४२ रोजी, त्यांनी सभागृहाच्या इतिवृत्तात काही प्रश्न नोंदवून ठेवले. जुलै १९४१ मध्ये अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि पुढे त्याचे तेल तोडले. जपानचे बहुतेक तेल अमेरिकेतूनच येत होते. तेव्हा ह्या कोंडीतून युद्ध उद्भवणार हे सरकारला ठाऊक नव्हते काय, असा त्यांचा रोख होता. रूझवेल्ट ह्यांनी हल्ला जाणूनबुजून ओढवून घेतला, हे बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. मात्र तेल तुटल्यामुळे जपान लढाईकडे अधिक वेगाने वळला, हे पुष्कळजण मानतात. जेनेटबाई पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत.

येथे थांबून एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. १९४१ साली त्यांचे मत बरोबर होते का? हिटलरने लाखो ज्यूंना, त्यांच्या बायकामुलांसह, ठार मारले. जपानी फौजांनी चीनमध्ये अनन्वित अत्याचार केले. ती सत्ता केवळ चांगुलपणाने हटली असती असे मला वाटत नाही. शेजारचा वाडा खरोखरच पेटला होता. सगळ्यांनी जेनेटबाईंसारखे मत दिले असते तर जगाचे काय झाले असते ह्याचा विचार करवत नाही. पण म्हणून त्यांचे मत निरुपयोगी होते असेही म्हणवत नाही. ह्याच युद्धात आपला देश कसा ओढला गेला हे आठवा. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे परस्पर जाहीर केले. आपल्या एकाही प्रतिनिधीला विचारले नाही. त्याच कारणावरून मुंबईच्या खेर मंत्रिमंडळासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या किती गावांतली तरणीताठी मुले तेव्हा इटलीच्या आणि आफ्रिकेच्या मुलखात लढली! त्यांच्या आयांच्या वतीने प्रश्न विचारणारे कोणीही त्या वेळी नव्हते. अमेरिकेत निदान मतदान झाले, आणि त्यात नाही म्हणायला एक बाई होती. ज्या घरात नाही म्हणण्याची सोय असते, त्या घरातल्या होकारालाच किंमत असते.

युद्ध संपल्यावर जेनेटबाईंचे लक्ष आपल्या देशाकडे लागले. ज्या देशाने शस्त्र न उचलता साम्राज्याशी झुंज मांडली तो देश डोळ्यांनी पाहावा, गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करावा, ह्या ओढीने त्या १९४६ साली हिंदुस्थानात आल्या. तेव्हापासून १९७१ पर्यंत त्या सात वेळा येथे येऊन गेल्या. साठीसत्तरीत आपण फार तर काशीची यात्रा करतो. त्या बाईंची यात्रा ही अशी होती.

इकडे अमेरिकेचा कारभार बदलत चालला होता. जून १९४२ नंतर तेथील काँग्रेसने रीतसर युद्ध असे कधी पुकारलेच नाही. १९५० साली कोरियात सैन्य गेले ते अध्यक्षांच्या हुकमाने. ऑगस्ट १९६४ मध्ये टाँकिनच्या आखातातील चकमकीचे निमित्त होऊन व्हिएतनामबाबत अध्यक्षांना मोकळीक देणारा ठराव झाला. प्रतिनिधिगृहात त्याच्या विरुद्ध एकही मत पडले नाही. त्या मोकळिकीतून वाढलेल्या युद्धात ५८ हजारांवर अमेरिकन आणि लक्षावधी व्हिएतनामी प्राणांस मुकले.

जेनेटबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या. दहा हजार बायकांनी तुरुंगात जायची तयारी दाखवली तर हे युद्ध थांबेल, असे त्यांनी १९६७ साली बोलून दाखवले. ते ऐकून बायका जमू लागल्या. १५ जानेवारी १९६८ रोजी, ऐन हिवाळ्यात, सुमारे पाच हजार स्त्रिया त्यांच्या नावाचे पथक करून वॉशिंग्टनमध्ये चालत निघाल्या. बहुतेक जणींनी काळे कपडे घातले होते. मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या पत्नी कोरेटा किंग त्यांत होत्या. संसदेच्या आवारात मिरवणुकीला मनाई होती, म्हणून थोड्या जणींनाच आत जाऊ दिले. ८७ वर्षांच्या जेनेटबाईंनी युद्ध थांबवण्याचा अर्ज सभापतींच्या हाती दिला. ज्या इमारतीतून एकदा पोलिसांच्या पहाऱ्यात बाहेर पडल्या होत्या, तेथे त्या आता हजारो बायकांच्या पुढारी म्हणून गेल्या.

१८ मे १९७३ रोजी कॅलिफोर्नियातील कार्मेल येथे त्यांचे निधन झाले. त्र्याण्णवाव्या वाढदिवसाला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी लग्न केले नव्हते. त्यांच्या मागे राहिलेल्या पैशांतून, परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्या, वयाने मोठ्या झालेल्या गरीब स्त्रियांना शिकण्यासाठी मदत देणारा निधी १९७६ साली उभा राहिला. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली आहे अशा आपल्यासारख्यांना ह्याचे मोल विशेष वाटेल. १९८५ साली माँटाना राज्याने त्यांचा पुतळा अमेरिकेच्या संसदेच्या इमारतीत बसवला. ज्या राज्यातून त्यांच्याविरुद्ध तारांवर तारा आल्या होत्या, तेच हे राज्य.

त्यांच्या मृत्यूनंतर सहाच महिन्यांनी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, अध्यक्ष निक्सन ह्यांचा नकार डावलून काँग्रेसने युद्धाधिकाराचा कायदा केला. अध्यक्षाने सैन्य लढाईत घातले तर ४८ तासांत काँग्रेसला कळवावे आणि तिची संमती नसेल तर ६० दिवसांच्या सुमारास ते काढून घ्यावे, असा त्याचा गाभा. १९४१ साली जेनेटबाईंनी मागितलेल्या गोष्टीशी ह्याचे जवळचे नाते आहे. हा कायदा पुढे नेहमी पाळला गेला असे मात्र नाही. निरनिराळ्या अध्यक्षांनी त्याला बगल दिली आणि त्यावर वादही झाले. १४ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कवरील भयंकर हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी, अध्यक्षांना सैन्य वापरण्याची मोकळीक देणारा ठराव प्रतिनिधिगृहात आला तेव्हा ४२० मते बाजूने पडली आणि एक विरुद्ध. ते एक मतही एका बाईचे होते, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली ह्यांचे. त्या ठरावाच्या आधाराने पुढे किती देशांत आणि किती वर्षे लढाया चालल्या, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

जेनेटबाईंचे प्रत्येक मत आपल्याला पटलेच पाहिजे असे नाही. मलाही ते सगळे पटत नाही. पण मोठ्या लोकांच्या मोठ्या गोष्टी म्हणून त्यांनी प्रश्न विचारायचे सोडले नाही, आणि आपल्या मताची किंमत दुसऱ्याच्या पदरात टाकली नाही. ती स्वतः मोजली. देश चालवणे काय किंवा मंडळ चालवणे काय, सगळे हात वर होत असताना एखादीचा हात खाली राहिला तर तिच्यावर ओरडण्याआधी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे. ते पटले नाही तर नाही म्हणावे, पण इतिवृत्तात तिचे मत लिहून ठेवावे. येत्या वर्षात आपल्या सभांतून एवढे जरी पाळले गेले, तरी त्या दूरदेशीच्या बाईंचे स्मरण आपण योग्य रीतीने केले असे होईल.